भांडवल विद्येत घालण्यापूर्वी

महाड तालुक्यातील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकले. त्या विषयातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळविले, १९१८ साली आयसीएस परीक्षेत ते प्रथम आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. विद्येत घातलेले भांडवल कोणत्या रूपाने परत येईल हे आधी सांगता येत नाही. घालतानाचा हिशेब मात्र चोख असावा लागतो.

आज महाड-पोलादपूरच्या व्यापारी घरांतही ऑस्ट्रेलियाचे नाव निघते. नावात खोट नाही. सिडनी विद्यापीठ १८५० चे, मेलबर्न १८५३ चे. दोन्ही मुंबई विद्यापीठाहून जुनी. अडचण पैशाची आहे. जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. ज्यांनी त्यानंतर दुकान पुन्हा उभे केले, त्यांच्यासाठी ते तारण ठेवणे ही साधी सही नव्हे.

म्हणून पालकांनी प्रथम एक भेद जाणावा. वर्गात शिकून मिळणारी मास्टर्स आणि संशोधनाची पदवी या निराळ्या वाटा आहेत. पहिलीचे शुल्क बहुधा घरातूनच जाते. दुसरीसाठी ऑस्ट्रेलिया सरकारच्या योजनेतून शुल्कमाफी व निर्वाहवेतन परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते. स्पर्धा मात्र कडवी असते. पीएचडीला साधारण तीन ते चार वर्षे लागतात. तेथे नुसते गुण पुरत नाहीत. आधी केलेले संशोधन दाखवावे लागते आणि मार्गदर्शन करण्यास तयार असलेला प्राध्यापक मिळवावा लागतो. त्यांना पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, एजंटाकडून लिहवून घेऊ नये.

व्हिसासाठी मे २०२४ पासून एका वर्षाच्या निर्वाहाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात. शुल्क व प्रवासखर्च वेगळा. मास्टर्सच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असताना पंधरवड्यात ४८ तासच काम करता येते. तेव्हा ‘नोकरी करून फी भरीन’ हे वचन वहीत जमेच्या बाजूस मांडू नये.

पूर आला म्हणून मुलीचे शिक्षण अडवू नये. विद्यापीठाचे नाव मोठे म्हणून दुकानही पणाला लावू नये. तिला जवळ बसवून एवढेच विचारावे, ‘तुला नेमके काय शोधायचे आहे?’ उत्तरात विषय आला, तर वडिलांनी निःशंक मनाने वही उघडावी. उत्तरात केवळ शहराचे नाव आले, तर आणखी एक वर्ष येथेच अभ्यास करावा. त्या वर्षाने काहीच बुडत नाही.