दार लपवून काय मिळवलं?

मुंबईतल्या एका ‘गुप्त’ बारमध्ये गेलो होतो. पुस्तकांचं कपाट ढकललं की आत शॅम्पेन आणि फ्रेंच वाइन. आणि पत्ता? इन्स्टाग्रामवर!

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, म्हणून तिथले बार लपले. आपल्याकडेही दारूबंदीच्या काळात मुंबईत आंट्यांचे अड्डे चालायचे. घर चालवण्यासाठी त्या बाया धाडीची जोखीम घ्यायच्या. इथे भीती कसली? फक्त मेन्यूतल्या आकड्यांची.

‘नाशिकची स्पार्कलिंग आहे का?’ मी विचारलं. वेटर नुसताच हसला. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन नाशिकलाही बनते. नारायणगावची तर १९८०च्या दशकात परदेशी जात होती.

शॅम्पेनशी माझं भांडण नाही. किमान पंधरा महिने मुरलेली ती चीज आहेच तशी. राग आहे त्या कपाटाचा. वाइनबद्दल साधा प्रश्न विचारायलाही आपल्यातले कितीतरी जण बिचकतात. त्यांना चोरदार दाखवायचं म्हणजे ‘हे तुमच्यासाठी नाही’ असंच सांगायचं.

दार उघडं ठेवा, ग्लासचा भाव बाहेर पाटीवर लिहा. मग खुशाल वाइन संस्कृतीच्या गप्पा मारा.