रो-हाऊस बांधा, पण पाणी आमच्या वावरात सोडू नका!



तालुक्याच्या गावांना लागून पऱ्हाटीच्या वावरात रो-हाऊसचे ले-आऊट पडत आहेत. वावर विकणाऱ्याला नावे ठेवू नका. कापसाच्या भावात कर्ज फिटत नसेल तर त्याने जमीन विकावी, तो त्याचा हक्क आहे. बिल्डर घेतो एकराने, विकतो चौरस फुटाने. एकराचे ४३,५६० फूट होतात. गुणाकार घरी करा.

आपले भांडण पाण्याचे आहे. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी. भेगाळलेली काळी जमीन त्यातले बरेच पिऊन घ्यायची. स्लॅब आणि सिमेंटचा रस्ता काय पिणार? ते सारे धुरा फोडून खालच्या वावरात येते. आपली माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी मुरत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि बोंडावर आलेली पऱ्हाटी उभ्या उभ्या सुकते. लोक रोग समजून औषध फवारत बसतात!

त्यात पांदणीवर कंपाऊंड. बंडी न्यायची कुठून?

१९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार पाण्याची आणि वाटेची आडकाठी काढू शकतो. दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मात्र कायदेशीर अधिकाराने केलेल्या अडथळ्याला ते कलम लागत नाही, आणि बिल्डर नेमका मंजुरीचाच कागद पुढे करील. म्हणून मंजुरीआधीच लेखी हरकत द्या. नकाशात नाला कुठे, पांदण कुठे, पाणी कुणीकडे काढणार, हे विचारा. अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेले साहेब विसरतात.