झोप हा प्रशासनाचा विषय आहे

दरवर्षी मार्च महिन्यात, विषुवदिनाच्या आधीच्या शुक्रवारी, जागतिक निद्रा दिन साजरा होतो. २००८ पासून सुरू झालेला हा दिवस आता आपल्याकडील रुग्णालयांच्या कार्यक्रमपत्रिकेतही आला आहे. बाह्यरुग्ण विभागात फलक लागतात, एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान होते, पत्रके वाटली जातात. रात्री ठरावीक वेळी झोपा, मोबाईल दूर ठेवा, संध्याकाळनंतर चहा घेऊ नका. सल्ला अगदी योग्य आहे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास हवी, याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद उरलेला नाही.

माझा आक्षेप सल्ल्याला नाही. तो कोणाला दिला जातो, याला आहे. शासकीय सेवेत एक गोष्ट मी वारंवार पाहिली. जिथे आदेश काढून त्याची अंमलबजावणी करणे अडचणीचे असते, तिथे आपण जनजागृती मोहीम काढतो. मोहिमेने कोणी दुखावत नाही, छायाचित्रे चांगली येतात, आणि काम न झाल्याचा दोष आपोआप जनतेच्या अडाणीपणावर जातो.

जबलपूरचेच उदाहरण घेऊ. नर्मदेकाठच्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत, त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वाचकांना ते परके नाही. हे शहर रेल्वेचे, तोफखान्याच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांचे आणि उच्च न्यायालयाचे. १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. गाडी रात्री धावते म्हणजे चालक, गार्ड, स्टेशनमास्तर, सिग्नलचा कर्मचारी हे सर्व रात्री जागे असतात. रेल्वेच्या नियमांनुसार इंजिनचालकाला सलग चार रात्रींपर्यंत कामावर लावता येते. ही मर्यादा दोन रात्रींवर आणावी, ही चालकांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. अशा माणसाच्या हाती 'रोज एकाच वेळी झोपा' असे पत्रक देणे, ही त्याची थट्टा नाही काय?

शरीरातील घड्याळाचे रहस्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच म्हटले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवले. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत गेल्या तर शरीर जुळवून घेते, उलट्या फिरवल्या तर फार जड जाते, हेही माहीत झालेले आहे. पण पाळीचा तक्ता कामगार ठरवत नाही. तो कार्यालयात बसून एक अधिकारी ठरवतो. मोहिमेचे पहिले व्याख्यान त्या अधिकाऱ्यासमोर व्हायला हवे.

दुसरा विषय आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि रुग्णालयाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तेथे रात्री ४०. मध्य प्रदेशाचा स्वतःचा कोलाहल नियंत्रण कायदा तर १९८५ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये याविषयी सविस्तर निकाल दिला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये, रामलीला मैदान प्रकरणात, झोप ही घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आणखी काय हवे?

गंमत पाहा. याच १९८५ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी दरवर्षी परीक्षांच्या हंगामात तत्परतेने आदेश काढतात. मुलांच्या अभ्यासासाठी शांतता हवी हे प्रशासनाला पटते. पण वरात, मिरवणूक, जगराता यांच्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपुढे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची झोप कोणाला आठवत नाही. कारण परीक्षार्थीचे पालक ओरडतात, आणि रुग्ण ओरडू शकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या नव्या मुख्यमंत्र्यांनी पदभार घेताच पहिला आदेश ध्वनिक्षेपकांबाबतच काढला, याचे मी स्वागत केले होते. परंतु आदेश काढणे आणि रात्री अकरा वाजता पोलिस शिपायाने जाऊन यंत्र बंद करणे, यांत मोठे अंतर असते. आपल्या सेवेचे बहुतेक अपयश त्याच अंतरात साठलेले असते.

आणि रुग्णालयाच्या आत? कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री एक फेरी मारावी. वॉर्डातील दिवे जळत असतात, दारे आपटतात, ट्रॉलीची चाके करकरतात, पहाटे चारला रक्ताचे नमुने घ्यायला कोणीतरी हाक मारते. वॉर्डातील आवाज रात्री ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले होते. मंडला, डिंडोरी, सिवनीहून जबलपूरला रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक व्हरांड्यात फरशीवर चादर टाकून पडतात. त्यांच्या उशाशी, भिंतीवर, 'निरोगी झोपेचे दहा नियम' लावले तर त्यांनी ते कसे पाळावेत? निवासी डॉक्टरांची गोष्ट तर विचारूच नये. त्यांचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाने १९९२ मध्ये ठरवले. सलग ३० तास जागलेल्या तरुण डॉक्टरकडून झोपेचे महत्त्व ऐकण्याची वेळ आपल्यावर आजही येते.

मोहीम अगदीच व्यर्थ असते, असे मात्र मी म्हणणार नाही. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. घोरता घोरता श्वास अडखळणे आणि दिवसा डुलक्या येणे हा आजार असू शकतो, त्याची तपासणी होते व उपचारही होतो, हे डॉक्टरांनीच सांगायला हवे. बसचालक आणि ट्रकचालक यांना तर आधी सांगायला हवे. झोपेच्या गोळ्यांबद्दलही तेच. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून 'एच १' अनुसूचीत आहेत. चिठ्ठीविना ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराने प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवून ती तीन वर्षे जपायची असते. रुग्णाला समजावणे हे रुग्णालयाचे काम, ती वही तपासणे हे औषध निरीक्षकाचे. दुसरे झाल्यावाचून पहिल्याला अर्थ नाही.

आदेशाने काय साधते याचा एक दाखला महाराष्ट्रातला आहे. मुलांची झोप अपुरी राहते म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, अशी सूचना तत्कालीन राज्यपालांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. स्कूलबसवाले कुरकुरले, दोन सत्रांत शाळा चालवणाऱ्या संस्थाही नाराज झाल्या. त्या कुरकुरीतूनच कळते की निर्णय कोणाच्या तरी सोयीला खरोखर हात घालत होता. पत्रक वाटून कोणी कुरकुरत नाही.

म्हणून जबलपूरच्या रुग्णालयांनी पुढील मार्चमध्ये मोहीम अवश्य काढावी. फक्त मंचावर जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, रेल्वेचे पाळ्या लावणारे अधिकारी, औषध निरीक्षक आणि स्वतः अधिष्ठाता यांना बसवू नये. त्यांना समोर, श्रोत्यांत बसवावे. आणि रुग्णालयाच्या फाटकावर एक ध्वनिमापक लावून रात्री बारा वाजताचा आकडा रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहावा, शेजारी ४० हा आकडा कायमचा रंगवून ठेवावा.