विटाळ आणि घाण

नागपुरातील शाळांमध्ये 'समुद्रकिनारी एक दिवस' हा निबंधाचा विषय अजूनही दिला जातो. समुद्र येथून पूर्वेलाही दूर आणि पश्चिमेलाही दूर. त्यामुळे बहुतेक मुले गाईडमधला समुद्र उतरवून काढतात. त्यात मऊ वाळू असते, माडांच्या रांगा असतात, शिंपले असतात आणि शेवटी तांबूस सूर्य पाण्यात बुडतो. असे निबंध तपासण्यात आमच्या नोकरीची पंचवीसहून अधिक वर्षे गेली. परंतु आपल्या वसतिगृहातील काही मुलांचा समुद्र निराळा असतो. त्यांच्या निबंधात माड नसतो. लांबच लांब रांग असते, पोलिसांची शिट्टी असते, पांढरे लुगडे नेसलेली आजी असते, पुस्तकांची दुकाने असतात आणि तारीख ६ डिसेंबर असते. विदर्भातील बौद्ध घरांतल्या असंख्य माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो दादरला, चैत्यभूमीच्या पाठीमागे. सहल म्हणून कोणी गेले नव्हते. अभिवादनाला गेले आणि समुद्र दिसला.

आम्हीही त्यांतलेच. १९८० साली, प्राथमिक शाळेत असताना, आईबाबा आणि आजी यांच्यासोबत रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आम्ही दादरला उतरलो. शिदोरीत भाकरी आणि जवसाची चटणी होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्या ठिकाणी बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, तेथे नतमस्तक होऊन आम्ही मागच्या वाळूत आलो. तोवर अंबाझरी तलाव हेच आमच्या लेखी पाण्याचे सर्वांत मोठे माप होते. येथे तर पलीकडचा काठच नव्हता. सकाळचे ऊन पाण्यावर पसरले होते, लाट येत होती आणि पायाखालची वाळू ओढून नेत होती. वडीलधारी माणसे लहान मुलांसारखी हरखून गेली होती. आजी बराच वेळ गप्प उभी होती. मग तिने बाबांना विचारले, "एवढं पानी कोनाचं हाय गा?"

"कोनाचंच नाही, माय," बाबा म्हणाले.

तिच्या गावी विहीर दुसऱ्यांची होती. वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळीत घ्यायचे, अशा पाण्यावर तिची अर्धी हयात गेली होती. ती चार पावले पुढे झाली आणि तिने वाकून ओंजळ भरली. बाबांनी धावत जाऊन तिचा हात धरला. कारण वीस-पंचवीस पावलांवर एक गटार वाळू चिरत समुद्राला मिळत होते. त्याचे पाणी डांबरासारखे काळे होते. त्याच्या कडेला चिंध्या, कुजलेले निर्माल्य, शहाळ्यांची टरफले आणि मानवी विष्ठा पडली होती, आणि प्रत्येक लाट तो सारा ऐवज थोडा आत नेऊन पुन्हा बाहेर टाकत होती. मालक नसलेले पाणी आजीला साठाव्या वर्षी भेटले, आणि ते तोंडाला लावण्याजोगे राहिलेले नव्हते.

त्याच वेळी फेरफटक्याला आलेले एक गृहस्थ आपल्या सोबत्याला सांगत होते, की ही माणसे दरवर्षी येतात आणि किनारा घाण करून जातात. आमची गाडी त्याच पहाटे आली होती. ते गटार किती वर्षांपासून वाहत होते, हे त्या गृहस्थांना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असावे.

हा आरोप आपण आजही ऐकतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे. दादरच्या उत्तरेला लागूनच माहीमचा उपसागर आहे आणि तेथे मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई तलावांतून वाहून येणाऱ्या पाण्यापासून ती सुरू होते. सुमारे १८ किलोमीटरच्या वाटेत मुंबई तिच्यात मैलापाणी, कारखान्यांचे तेल आणि रसायने, प्लॅस्टिक असे सारे काही सोडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नदीने शहराला आपले अस्तित्व दाखवून दिले. ६ डिसेंबरची गर्दी दोन-तीन दिवसांची असते. मिठी वर्षाचे ३६५ दिवस वाहते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील आणखी एक गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाही. मिठीचा उगम ज्या डोंगररांगेच्या कुशीत आहे, तेथेच कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या विहारात भिक्षूंनी जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात पाण्याची टाकी खोदली आणि पावसाचे पाणी पन्हळींनी त्यांत वळवले. तेथील शिलालेखांत अशा टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नोंद केली आहे. पाणी साठवून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हे तेव्हा दगडावर कोरून ठेवण्याजोगे पुण्य होते. त्याच डोंगराच्या पायथ्याला आज नदी नाल्यासारखी वाहते.

हे असे का झाले? आमच्या मते, या समाजाने विटाळ आणि घाण यांत कधी फरकच केला नाही. घाण ही डोळ्यांना दिसणारी, नाकाला कळणारी, प्रयोगशाळेत मोजता येणारी वस्तू आहे. विटाळ फक्त मनात असतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. तरीही बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ओंजळभर पाणी घेताच तळे 'बाटले'. मग ते 'शुद्ध' करण्यासाठी गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. स्वच्छ हातांनी घेतलेल्या पाण्याला विटाळ म्हणायचे आणि शेण ओतणे याला शुद्धी म्हणायचे! उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. ज्या डोक्यांना हा हिशेब बरोबर वाटला, त्यांना आपल्या नदीत मैला सोडताना काही वावगे वाटेल, अशी अपेक्षा कशी करावी? विटाळ नाहीसा करायला मंत्र पुरतो. घाण नाहीशी करायला नळ, यंत्र, पैसा आणि कोणाचे तरी हात लागतात. ते हात कोणाचे, हेही जातीनेच ठरवून ठेवले. दुसरा कोणी तरी उचलील या खात्रीवरच टाकणाऱ्याचा हात निःशंक होतो.

आता मुंबईला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण आपल्या दारातही नदी आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला. त्यांनी जिच्याशी आपली ओळख जोडून दिली, ती नदी नागपूरकर 'नाला' या नावाने ओळखतात. लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून ती अंबाझरीत येते आणि तेथून शहरभर आपले सांडपाणी गोळा करीत पूर्वेकडे जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नदी बंगल्यांच्या दिवाणखान्यांत शिरली, त्या दिवसापुरती ती सर्वांची झाली. नंतर पुन्हा नाला.

पुढे काय होते? नाग पिली नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि हे सारे पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात साचते. तेथे ढिवर बांधवांच्या जाळ्यात जलपर्णी अडकते. धरणाच्या खाली, वैनगंगेच्याच काठी, पवनी आहे. १९६९-७० च्या उत्खननात तेथे जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूप उजेडात आला आणि त्याच्या कठड्याच्या स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आढळला. पावसात तथागतांवर फणा धरणारा तो हाच नाग. त्याच्या पायथ्याशी आपण नाग नदीतून काय पाठवतो, ते प्रत्येकाने आपल्या घरच्या मोरीपासून मोजावे. वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नागपूरला समुद्र नाही हे भूगोलाच्या पुस्तकापुरते खरे आहे. आपली गटारे तेथवर केव्हाच पोहोचली आहेत.

उपाय अज्ञात आहे असेही नाही. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. म्हणजे मैलापाणी कामाला लावण्याची विद्या याच शहरात आहे. जे पाणी तेथवर पोहोचत नाही त्याचा जाब नगरसेवकाला विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही. आपले मोर्चे पुतळ्यासाठी निघतात, आरक्षणासाठी निघतात, निघालेच पाहिजेत. चवदार तळ्याच्या वारसांचा एकही मोर्चा पाण्यात काय सोडले जाते यासाठी निघू नये, हे आम्हाला खटकते.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात बोलायची. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला मोफत भोजनाचे शेकडो मंडप लागतात. दानाची ती भावना अतुलनीय आहे. पण रात्री त्या रस्त्यांवर प्लॅस्टिकच्या पत्रावळी, पेले आणि पाण्याची पाकिटे यांचा थर साचतो, आणि पहाटे तो उचलायला जे सफाई कामगार येतात त्यांत आपलेच भाऊबहीण असतात. आपण टाकावे आणि आपल्याच माणसाने वाकून उचलावे, ही तर जुन्या व्यवस्थेचीच नक्कल झाली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून स्वतःच्या हातांनी कचरा उचलणारे वकील अफरोज शाह यांचा संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली गौरव केला, तो योग्यच होता. मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या बाईला कोणी सन्मानचिन्ह दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. विनयपिटकात भिक्षूंसाठी स्पष्ट नियम आहे, की पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये. सूट फक्त आजाऱ्याला आहे. आपण तर धडधाकट आहोत.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे एक सूचना ठेवतो. आठवी-नववीच्या मुलांची या वर्षीची सहल नाग नदीच्या काठाने न्यावी. सकाळी अंबाझरी, मग भांडेवाडीचे केंद्र, दुपारी आंभोऱ्याचा संगम, मुक्काम पवनीला. प्रत्येक ठिकाणचे पाणी काचेच्या बाटलीत भरून घ्यावे आणि परतल्यावर त्या चारही बाटल्या विज्ञानाच्या खोलीत ओळीने ठेवाव्यात. निबंध त्यानंतर लिहायला सांगावा. बसचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून दिल्या जाणाऱ्या शिदोरीला स्टीलचे डबे पुरत नसतील तर तेही त्यांनीच द्यावेत.