आधी मीटर, मग पार्ट

पाऊस सुरू झाला की गॅरेजच्या दारात ‘सेल्फ लागत नाही’वाल्या गाड्या वाढतात. गेल्या आठवड्यात अशीच एक गाडी आमच्याकडे ढकलत आली. आधीच नवी बॅटरी आणि नवी सेल्फ मोटर बसवून झाली होती. बटण दाबले की रिलेची टकटक, बाकी काही नाही. हेडलाइट मात्र लख्ख.

मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावले आणि सेल्फ दाबला. आकडा 5 व्होल्टवर गेला. निरोगी गाडीत तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. अर्थची केबल जिथे चासीला आवळली होती तिथे चासीला नुकताच रंग मारलेला, आणि बोल्ट त्या रंगावरच बसवलेला. पॉलिश पेपरने जागा घासून बोल्ट पुन्हा आवळला. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू.

मग हेडलाइट कसा लागत होता? हिशेब सोपा आहे. जोडावर 0.1 ओहमचा अडथळा धरा. हेडलाइट साधारण 3 अँपिअर ओढतो, म्हणजे 0.3 व्होल्ट वाया जातात; डोळ्याला फरक कळत नाही. सेल्फने 50 अँपिअर मागितले की 5 व्होल्ट वाटेतच संपतात. साधा मीटर हा अडथळा ओहमवर नीट दाखवत नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. बीपही वाजते. तुटत आलेल्या केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतेच. म्हणून लाइनवर लोड टाकूनच व्होल्टेज बघायचे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर छोट्या गाड्यांतही ईसीयू बसला. चार्जिंग तपासायला चालू गाडीची बॅटरी काढण्याची जुनी सवय आता सोडावीच लागेल. त्या झटक्यात ईसीयू जाऊ शकतो. त्याऐवजी बॅटरी जोडलेली ठेवून, इंजिन रेस करून टर्मिनलवर मीटर लावा. बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळाले तर कॉइल आणि आरआर युनिट दोन्ही ठीक. 15 च्या वर गेले तर आधी आरआर आणि त्याची अर्थ बघा.

आपल्याकडे अनुभवी हात पुष्कळ आहेत. पण करंट डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही, तिथे अंदाज चुकतोच. त्या चुकीचे पैसे गिऱ्हाईक भरते.

या महिन्यापासून एक करा. इलेक्ट्रिकल पार्ट मागवण्याआधी जॉब कार्डवर तीन आकडे लिहा: बंद गाडीत बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ दाबताना ते किती उतरते, आणि त्याच वेळी अर्थवर किती वाया जाते. पाच मिनिटांचे काम आहे. स्पेअरच्या दुकानात काउंटरवर पाटी असतेच, ‘इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही’. ती वाचायची वेळ पार्ट घेतल्यावर नव्हे, मागवण्याआधी असते.