सूड घेऊन झाल्यावर…



आपल्यातल्या तरुण वाचकांमध्ये सध्या क्राइम थ्रिलरची चांगलीच चलती आहे. त्यातल्या एका प्रकारच्या कादंबऱ्यांचा साचा तुमच्याही ओळखीचा असेल. गावाकडून फसवून आणलेली मुलगी, कुंटणखाना, तिथे भेटलेली आणि सख्ख्या बहिणीहून जवळची झालेली दुसरी मुलगी. मग एकीचा खून होतो आणि उरलेली एकेकाला गाठून हिशेब चुकता करते. पुस्तक हातातून सुटत नाही. 'मर्दानी' (२०१४) आठवतोय ना? शेवटी मुली स्वतःच त्या दलालाला तुडवून मारतात आणि आपल्याला हायसं वाटतं.

अशा गोष्टी नुसत्या कल्पनेतल्या आहेत असंही नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरमधल्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. त्याने वर्षानुवर्षं त्या वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केले होते आणि पोलीस तक्रारींना दाद देत नव्हते. अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू यांचा '२०० हल्ला हो' (२०२१) याच घटनेवर बेतलेला आहे. पण प्रत्यक्षात मात्र तो दिवस उलटल्यावर खटला सुरू झाला आणि तो पुढे दहा वर्षं चालला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली.

सूडकथा जिथे संपते, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाईचं काय होतं? ती राहते कुठे, खाते काय, तिला काम कोण देतं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला लांब जायला नको. आपल्या हैदराबादमध्येच त्याची एक खरी गोष्ट आहे.

जुन्या शहरात 'मेहबूब की मेहंदी' नावाची वस्ती होती. १९९६ मध्ये ती उठवली गेली. बायका रस्त्यावर आल्या आणि त्यांच्या मुलांच्या डोक्यावरचं छप्परही गेलं. कागदोपत्री शहर 'स्वच्छ' झालं. त्या वेळी सुनीता कृष्णन आणि ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी तिथल्याच एका रिकाम्या झालेल्या कोठ्यात मुलांसाठी शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी मुलं होती पाच. 'प्रज्वला' ही संस्था उभी राहिली ती अशी.

सुनीताताईंची स्वतःची कहाणी कुठल्याही थ्रिलरला मागे टाकेल अशी आहे. पंधराव्या वर्षी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या हे उघडपणे सांगतात आणि त्यानंतर समाजाने आपल्यालाच कसं वाळीत टाकलं, हेही सांगतात. त्यातून आलेला राग त्यांनी कामाला लावला. सोडवून आणलेल्या बायकांना त्यांनी शिवणकाम आणि पापड-लोणच्यांपुरतं ठेवलं नाही, वेल्डिंग आणि सुतारकामही शिकवलं. बाहेरचे लोक दयेने काम देतील याची वाट बघत बसण्यापेक्षा हातात असं कसब द्यायचं, की त्याचे पैसे मोजावेच लागतील. या कामापायी त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या विषयावरचा एक सिनेमा मी आवर्जून सुचवेन. 'ना बंगारू तल्ली', म्हणजे 'माझी सोन्यासारखी पोर'. तेलुगू आहे, पण इथे राहणाऱ्यांना आता ती अडचण नसावी! राजेश टचरिव्हर यांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमाच्या निर्मितीत सुनीताताईंचा वाटा आहे. गावात मानाने वावरणारा एक बाप गुपचूप मुली विकण्याच्या धंद्यात असतो आणि एक दिवस त्याची स्वतःची हुशार लेक त्याच जाळ्यात सापडते. ही लेक, दुर्गा, साकारली आहे आपल्या नाशिकच्या अंजली पाटीलने. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपट ठरला आणि अंजलीच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. यातला खलनायक अंधाऱ्या गल्लीत राहत नाही. तो सकाळी पूजा करून घराबाहेर पडणारा माणूस आहे. म्हणून हा सिनेमा थ्रिलरपेक्षा जास्त अंगावर येतो.

आता थोडी दुसरी बाजू. ज्या १९९६ मध्ये इथे 'प्रज्वला' सुरू झाली, त्याच वर्षी सांगलीत 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन झाली. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेच्या एड्सविषयीच्या कामातून ही बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. सांगली-मिरजेपासून निपाणीपर्यंत तिचं काम पसरलं. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. फसवून आणलेल्या किंवा अल्पवयीन मुलींना सोडवायलाच हवं, पण आपल्या मर्जीने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान बाईला छापा घालून, उचलून सुधारगृहात कोंडणं म्हणजे सुटका नव्हे. तिला तिचे हक्क द्या, बाकी तिचं ती बघेल.

यातलं बरोबर कोण? मला वाटतं, दोघींकडे येणाऱ्या बायकाच वेगळ्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलीसमोर 'मर्जी' हा शब्द उच्चारणंही क्रूर आहे आणि चाळिशीतल्या बाईला तिच्या वतीने निर्णय घेऊन 'वाचवणं' हाही एक प्रकारचा अपमानच. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सज्ञान देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावं, छाप्यात त्यांना अटक वा त्रास होऊ नये आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये असं सांगितलं. या आदेशाचं मूळ कुठे आहे माहीत आहे? १९९९ मध्ये कोलकात्यात झालेल्या एका वेश्येच्या खुनात. २०११ मध्ये आरोपीचं अपील फेटाळताना न्यायालय तिथेच थांबलं नाही. अशा स्त्रियांचं पुढे काय, हा प्रश्न त्याने स्वतःहून हाती घेतला.

शेवटचा मुद्दा थेट आपल्याशी, म्हणजे माधापूर-गच्चीबोवलीतल्या संगणकवाल्यांशी संबंधित आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुनीताताईंनी सरन्यायाधीशांना एक पत्र पाठवलं. सोबत व्हॉट्सॲपवर फिरणारे बलात्काराचे व्हिडिओ होते. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲपसारख्या कंपन्यांना बाजू मांडावी लागली आणि २०१८ मध्ये अशा मजकुराची तक्रार करण्यासाठी केंद्र सरकारचं सायबर गुन्हे पोर्टल सुरू झालं. महिला आणि मुलांबाबतच्या अशा मजकुराची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते.

तेव्हा कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर असं काही आलं, तर तीन गोष्टी करा. पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे हटका आणि पोर्टलवर तक्रार नोंदवा. गप्प राहून नुसतं डिलीट केलं, तर तो व्हिडिओ आणखी शंभर ग्रुपवर फिरतच राहतो. लहान मुलं संकटात दिसली तर १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

थ्रिलर जरूर वाचा, मीही वाचतो. फक्त शेवटचं पान उलटल्यावर त्या नायिकेला दुसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीत, तुमच्या सोसायटीत काम मिळालं असतं का, एवढा विचार करा. आणि 'ना बंगारू तल्ली' शक्यतो आई-बाबांसोबत बघा. नंतर घरात काय बोलणं झालं, ते मला नक्की कळवा.