शिष्टाचार म्हणजे शुभवर्तमान नव्हे

लग्नाच्या जेवणात पंगतीऐवजी टेबले आली, केळीच्या पानाऐवजी बशा आल्या, याबद्दल आमची तक्रार नाही. काळ बदलतो तशी जेवणाची मांडणीही बदलते. आमची तक्रार आहे ती त्या टेबलाशी बसलेल्या नातवाबद्दल. लाल लुगड्यातली आजी हाताने भात कालवू लागली की तो इकडेतिकडे पाहत हलकेच म्हणतो, "आजी, चमचा घे ना, लोक बघतायत." आजी ओशाळते आणि अर्धपोटी उठते.

हे 'लोक' कोण, असे आम्हांला विचारावेसे वाटते. इथिओपिया हा चौथ्या शतकापासूनचा ख्रिस्ती देश. तेथे एकाच ताटाभोवती बसून हाताने जेवतात आणि मायेच्या माणसाच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास भरवतात. त्याला 'गुर्शा' म्हणतात आणि तो नाकारणे उद्धटपणाचे समजतात. जपानात शेवया आवाज करीत ओढून खाल्ल्या तर कोणाला वावगे वाटत नाही. पण भातात काड्या उभ्या खोचल्या तर घरचे दचकतात, कारण तसा भात मृतासाठी ठेवायचा असतो. आणि ज्या काट्याचा आपल्याला एवढा दिमाख, त्याची कथाही ऐकावी. अकराव्या शतकात व्हेनिसच्या अधिपतीची कॉन्स्टँटिनोपलहून आलेली पत्नी अन्नाला हात न लावता सोन्याच्या काट्याने खात असे. हा ऐषाराम संत पीटर डेमियन यांना इतका खटकला की त्यांनी तिच्यावर लेखणी चालवली! तेव्हाच्या इटलीत काटा नखऱ्याचा होता, हात सभ्य होता.

रीतभात आणि श्रद्धा यांची गल्लत आपल्याच पिढीने केली असे नाही. ख्रिस्तसभेने तिची मोठी किंमत मोजली आहे. १५७९ मध्ये येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो जपानला पोहोचले, तेव्हा तेथील मिशनचे प्रमुख होते फ्रान्सिस्को काब्राल. जपानी लोकांनीच आपल्या रीतीशी जुळवून घ्यावे, हा काब्राल यांचा हट्ट. मिशनच्या घरांत उंच मेजांवर, मळलेल्या कापडावर मांसाचे जेवण चाले. आवारात डुकरे पाळली जात. स्वच्छतेला जपणाऱ्या जपानी पाहुण्यांना ते पाहून किळस येई. वालिन्यानो यांनी १५८१ मध्ये प्रचारकांसाठी जपानी रीतिरिवाजांची नियमावलीच लिहिली. कोणापुढे किती वाकावे, पाहुण्याला कोठे बसवावे, चहा कसा द्यावा, हे सारे तिच्यात आले. प्रत्येक घरात चहासाठी स्वच्छ जागा राखण्यास त्यांनी सांगितले. त्याच सुमारास काब्राल यांच्या जागी दुसरे प्रमुख आले. धर्मसिद्धान्तातला एक शब्दही बदलला नव्हता; बदलले ते फक्त बसणे-उठणे आणि खाणे-पिणे. पण हेही सांगितले पाहिजे की हेच वालिन्यानो भारतीयांना मात्र हीन लेखत. परक्याच्या रीतीचा मान राखण्याची त्यांची दृष्टी गोव्याच्या किनाऱ्यावर अधू झाली.

त्या गोव्यात पुढे काय झाले? १७३६ मध्ये इन्क्विझिशनने हुकूम काढला. लग्नातल्या ओव्या, पानविडा, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी, एवढेच नव्हे तर मीठ न घालता भात शिजवणेसुद्धा निषिद्ध ठरले. भातात मीठ केव्हा घालावे यावर तारण अवलंबून असते, असे शुभवर्तमानात कोठे लिहिले आहे? चीनमध्ये पूर्वजांच्या नामपट्टीपुढे वाकण्यास पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१५ मध्ये पुन्हा मनाई केली. पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, रोमने अशा रिवाजांना नागरी आदर म्हणून मोकळीक दिली. मधल्या २२४ वर्षांत किती चिनी कुटुंबांनी आईबापांचा मान आणि ख्रिस्त यांपैकी एकाची निवड करताना अश्रू ढाळले असतील!

यावर कोणी म्हणेल, "मग काय, प्रत्येक रिवाज पवित्रच?" नाही. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळी दफनभूमी दिली गेली, तिलाही 'रिवाज' हेच नाव होते. तो रिवाज नव्हे, पाप आहे. कसोटी साधी आहे: या रीतीने समोरच्या माणसाचा मान वाढतो की कमी होतो? अंत्युखियात यहुदीतर बांधवांच्या पंगतीतून संत पेत्र मागे सरले, तेव्हा संत पौलांनी त्यांना तोंडावर विरोध केला. पानात काय वाढले होते हा तो वाद नव्हता. पंगतीतून कोणाला वगळले, हा होता.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा मुद्दे मान्य केले. पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून शांतीचे अभिवादन करणे, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे लावणे, हे त्यांत आले. त्यावर 'हे आपले नव्हे' अशी ओरड झाली, आणि ती आजही अधूनमधून कानी येते. ओरडणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच, की गुडघा टेकणे हाही एकेकाळी राजदरबारचाच शिष्टाचार होता. तो पवित्र झाला तो टेकणाऱ्याच्या भावाने. मग जोडलेल्या हातांना तो मान का नसावा?

तेव्हा पालकांनो, मुलांना काटा-चमचा जरूर धरायला शिकवा. परदेशी नोकरीला जाणाऱ्या मुलाने तिथली रीत पाळावी, हे सौजन्यच आहे. पण त्याच मुलाला आजीशेजारी बसून हाताने जेवताही आले पाहिजे, आणि जेवताना मान वर ठेवता आली पाहिजे. शिमोन परुश्याच्या घरी प्रभूने पाय धुण्याच्या पाण्याची आणि स्वागताच्या चुंबनाची आठवण करून दिली, ती पाहुण्याचा मान राखला गेला नाही म्हणून. पुढच्या लग्नात आजीच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसली, तर आपल्या मुलाला तेथे बसवा. चमचा बाजूला ठेवायला त्याला सांगावे लागणार नाही, अशी आमची आशा आहे.